गृहीतकाची हरकत

माझ्या प्रबंधातल्या गृहीतकाने एकोणीस मार्चला ‘मला गृहीत धरू नये’ असा लेखी अर्ज संशोधन समितीकडे दिला आणि समितीने तो त्याच दिवशी मंजूर केला. त्याच दिवशी! माझ्या विषयाला मंजुरी मिळायला सात महिने लागले होते.

गृहीतक म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. एक वाक्य असतं. आधी ते खरं धरून चालायचं, मग नमुना म्हणून निवडलेल्या साठ जणांना विचारून ते टिकतं का ते बघायचं. ‘दुकानदाराच्या शिक्षणाचा आणि संगणकावर जमाखर्च ठेवण्याचा काही संबंध नाही,’ एवढंच माझं होतं. तिसरं प्रकरण, पान बेचाळीस, ठळक अक्षरांत. आता तिथे कोरी जागा. अर्जात कारण दिलं होतं, दोन वर्षांत संमती विचारलेली नाही. घ्या! वाक्याची संमती.

मी तणतणत मार्गदर्शकांकडे, हुलवळे सरांकडे गेले. एकतीस तारखेला प्रबंध गेला नाही तर एम. कॉम. गेलं, आणि एम. कॉम. गेलं तर ज्युनिअर कॉलेजातली माझी नोकरी कायम होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे संशोधन पद्धतीचं पुस्तक उघडलं. नव्या वाक्याला मंजुरी म्हणजे पुन्हा सात महिने. काहीतरी गृहीत धरावं लागतंच, पण ते वाक्यच असावं असा नियम त्यांना सापडेना.

“तुम्हालाच धरू, मॅडम,” सर म्हणाले. “पूर्वीचा काही अनुभव?”

अनुभव विचारतात! सतरा वर्षं सासूबाईंचं पथ्य, दिरांच्या मुलांचा अभ्यास, आणि कॉलेजात कुणीही रजेवर गेलं की त्याचं सुपरव्हिजन. विचारलंय कधी कुणी? पण मुदत एकतीस तारखेची होती. संमतीपत्रावर सही केली.

पान बेचाळीसवर वाक्याच्या जागी मी आले : ‘संशोधिकेची कशालाच हरकत नसते.’ प्रश्नावली साठ जणांना वाटली. घरचे, शेजारचे, स्टाफरूममधले. दुकानदारांकडून एक पान भरून घ्यायला मला चार-चार खेपा पडल्या होत्या. या लोकांनी दोन मिनिटांत भरून दिलं. नवऱ्याने तर न वाचताच खुणा केल्या, आणि त्याही बरोबर आल्या. साठपैकी साठ. प्रबंध तीस तारखेलाच गेला.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक, डॉ. मुळगुंद बाई, म्हणाल्या की इतका स्वच्छ निष्कर्ष त्यांनी पाहिला नव्हता. कुणाला काही म्हणायचंय का, असं त्यांनी सरांकडे बघून विचारलं.

मी उभी राहिले. “माझी हरकत आहे,” म्हटलं.

बाईंनी साठ नावांची यादी वरून खाली बोट फिरवत तपासली. घाई केली नाही.

“तुम्ही नमुन्यात नाही,” त्या म्हणाल्या.

तशी नोंद झाली. गृहीतक टिकलं, मला अ श्रेणी मिळाली, आणि पेढे मीच आणले.