पाळणा वाडीवर पोहोचल्याची हकीकत

श्रीभीमाशंकर साक्ष. शके १९२० चे साली घोडेगावी जो पराक्रम जाहला तो बहुतांनी पाहिला, परंतु लिहिला कोणी नाही, म्हणोन आम्हीच दौत उघडली. वाचणारांनी सावध असावे, हसू आल्यास आवरू नये.

घोडेगावी राजमान्य राजश्री कुंडलिकराव ऊर्फ आबा, वय अठ्ठावन्न, शर्यतीच्या बैलांचे नामांकित मालक, पोटाचा घेर तमाम तालुक्यास ठाऊक. त्यांची कन्या वृषालीबाई तळेघराच्या वरल्या वाडीत गुरुजींस दिली होती. एस.टी. तळेघरी थांबे आणि पुढे कोसभर उभा चढ. गतसाली आबा दिवाळीचा फराळ घेऊन निघाले, आणि अर्ध्या चढात एका धोंड्यावर बसले ते बसलेच, आणि डबा परक्याच्या हाती वर गेला, आणि लेक अंगणात वाट पाहून रडली. ही खबर बापाच्या जिव्हारी लागली. आता लेकीस पौषात दुसरे मूल होणार, आणि बारशास पाळणा आजोबांनी न्यावा हा घराण्याचा रिवाज, म्हणोन दसऱ्यास आबांनी विडा उचलिला की यंदा पाळणा माझ्याच डोईवरून चढेल.

मग नवे कोरे बूट खरीदले, आणि टीव्हीवरील पहिलवान पाहून कपाळास पट्टी बांधिली, आणि पहिल्याच दिवशी पहाटे गावाबाहेरील शर्यतीच्या घाटावर, म्हणजे बैल पळविण्याच्या चढावर, धावत हल्ला चढविला. निम्म्यात उजवी पोटरी फितूर जाहली, डाव्या टाचेस फोड आला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि स्वारी आडवी जाहली. मग डेअरीच्या टेंपोत, दुधाच्या कॅनांमध्ये बसोन, भर पेठेतून घरी परतली.

कारभारीण ठकूबाईसाहेब दारातच उभ्या होत्या. त्यांनी सर्वांसमक्ष ऐकविले, "खोंडाला पयल्याच दिवशी घाटात पळवता का वो कधी? महिनाभर नुसता चालवता, जपता. मंग सोताच्याच जिवावर उठला व्हय?"

सात खोंडे शर्यतीस तयार करणाऱ्या आबांनी कपाळाची पट्टी सोडून त्यांच्या हाती दिली.

मग पोटरी बरी जाहली, आणि डॉक्टरांकडून काळीज तपासून घेतले, आणि ठकूबाईंचे फर्मान सुटले, की पहिला आठवडा मारुतीच्या पारापावेतो जाणे आणि येणे, पुढे दर आठवड्यास सरहद्द थोडकीच वाढविणे, बाजारच्या दिवशी विसावा, आणि चालता चालता बोलता आले पाहिजे, बोलणे तुटले की पाय आवरणे. आबांस बोलते ठेवण्याच्या कामगिरीवर शेजारचे सायकलवाले अन्सारभाई नेमले गेले. ते रोज एक जुनी शर्यत विचारीत, आणि आबा बैलांच्या सात पिढ्या सांगत चालत. दोनदा धावण्याची हुक्की आली. अन्सारभाई "आबा, खोंड!" इतकेच बोलले, आणि स्वारी मुकाट चालीवर आली. मग कार्तिकात कालवा घेतला, मार्गशीर्षात घाटाचा पायथा घेतला, आणि डोईवर आधी रिकामी पाटी, मग पाटीत चार कांदे, मग पाटीभर कांदे, ऐसे करीत पौष लागता घाटमाथा काबीज केला. माथ्यावर आबा तोंडाने बोलतच होते, अन्सारभाईंस मात्र धाप लागली होती.

पौषातच नात जाहली. बारशादिवशी आबा पाळणा डोईवर घेऊन तळेघराहून कूच करते जाहले, मागे अंगडे-टोपडे घेऊन ठकूबाई. गतसालचा धोंडा आला. तेथे आपखुशीने बसले, पाणी प्याले, आणि उठले. मागे ठकूबाईंनी पदराने डोळे पुसले, ते आम्ही पाहिले.

वृषालीबाई उंबऱ्याशी आल्या. "आबा! तुमी? चालत?"

आबांनी पाळणा उतरविला आणि पारापासून घाटमाथ्यापावेतो समग्र मोहीम एका दमात सांगावयास घेतली. लेक हसता हसता रडू लागली. "आबा, आता जरा दम घ्या की!"

"दम लई हाय, बाय. तू नात दे हिकडं."

येणेप्रमाणे पाळणा वाडीवर दाखल, आबा साबूत, नुकसान एका बुटाचा तळ. नात पाळण्यात क्षणभरही राहिली नाही, आबांच्या पोटावरच निजली. सबब तो मुलूख तेवढा कमी न करण्याचे ठरले.