वामनरावांचं रिकामं जातं

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक वाद्यवृंद होता. दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट आणि एक जातं. जातं वामनराव स्वतः वाजवत, म्हणजे रिकामंच गरागरा फिरवत.

कारखान्यात ते तोफांची चाकं तपासत आणि बाहेर लोकांची गाणी. नर्मदेला निघालेल्या बाया बंबुलिया, म्हणजे वाटेवरची देवाची गाणी, गात चालल्या, की वामनराव सायकल आडवी घालत. "दीदी, एक बार और!" बाया पदर सावरून लांब होत, आणि वामनराव मला सांगत, "कच्चा माल मिळाला जी! आता याला फिनिशिंग देतो." फिनिशिंग म्हणजे ते गाणं रागात बसवून वाद्यांमध्ये वाटून टाकणं. त्यानंतर त्या गाण्याला त्याच्या आईनंही ओळखलं नसतं.

त्यांची सगळ्यात थोर रचना जात्यावरच्या एका ओवीवर होती. वाद्यं रंगात यायची आणि ऐन मोक्याला थांबायची. मग बराच वेळ नुसती घरघर. आम्ही श्रोते तेवढ्यात चहाची आशा करत असू.

"अर्धीच ओवी मिळाली जी," वामनराव म्हणाले. "उरलेलीसाठी जागा ठेवून राहिलो." त्या अर्ध्या ओवीसाठी त्यांनी पार पाटन गावापर्यंतच्या बायांना पिडलं होतं.

माझ्या बायकोला, सुशीलेला, या कलेचं काडीचं कौतुक नव्हतं. "रिकामं जातं फिरवू नये. काहून करून राहिले हे भाऊजी?" वामनरावांच्या मालतीबाई होत्या तेव्हा दोघी मिळून त्याच जात्यावर दळत. त्या गेल्या आणि जात्यात पुन्हा दाणा पडला नाही.

मग लढाई लागली. कारखान्यात डबल शिफ्ट, खिडक्यांना काळे कागद. अशातही एका रविवारी संध्याकाळी वामनरावांनी बैठक ठेवली. देशावर संकट होतंच, आमच्यावर हे दुसरं. श्रोते आम्ही दोघंच.

ठरल्या जागी वाद्यं थांबली, घरघर सुरू झाली. सुशीला उठली. मला वाटलं, चहाला. तिनं पदरातले मूठभर गहू जात्यात टाकले, वामनरावांसमोर बसून खुंट्याला हात लावला आणि ओवी म्हणू लागली. आधी ओळखीची अर्धी, मग उरलेली. जात्याचा आवाज जड झाला, पीठ पडू लागलं.

पुढे वाद्यांना इशारा द्यायचा तो वामनरावांनी. तो आलाच नाही. ते रडत होते.

"तुला येत होती, तर सांगितली काहून नाही?" मी सुशीलेला दटावलं.

"मला कोणी विचारलं? अन् दळताना येते ती. रिकाम्या जात्यावर कशी येईल?"

वामनरावांनी डोळे पुसले. "मालती रोज म्हणायची," ते म्हणाले. "पहिली ओळ झाली, की माझ्या शिफ्टचा भोंगा व्हायचा. इतकी वर्षं निघून जात राहिलो जी. पुरी आजच ऐकली."

मला त्यांची फार माया आली.

त्यांनी पीठ ओंजळीत गोळा केलं. "वहिनी, याची पोळी होईल काय?"

"अर्धी होईल," सुशीला म्हणाली. "बाकीच्या अर्धीला तुमच्या घरचे गहू काढा. बसलोच आहोत."