टायरला लागलेली मोहरी

टायर मऊ झाला की नाही, हे मला अंगठ्याने कळतं! चाळीस वर्षं न्याहारीच्या बिस्किटांचं पीठ दाबून पाहिलेला अंगठा आहे माझा!

असं मी माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, ठणकावून सांगितलं, तेव्हा तो प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून व्हरांड्यात बसला होता. एक्क्याण्णव सालचा सप्टेंबर. आमच्या जॉर्जियातल्या लाल मातीच्या गोल ट्रॅकवर शनिवारी आमच्या नातीची, टेसाची, छोट्या गटातली शेवटची गो-कार्ट गाड्यांची शर्यत होती. चार वर्षांत पोरगी एकदाही पहिली आली नव्हती. पुढच्या मोसमात मोठ्या गटातल्या दांडग्या पोरांशी गाठ. म्हणजे आत्ता नाही तर कधी?

"ओपल, टायर मऊ करायच्या औषधाचे दोनच हात दे," डेल्मर म्हणाला. "दुपारी माती वाळून आरशासारखी होते. मऊ टायरच तिला धरतो."

"मऊ चांगला ना? मग हात आखडता कशाला?"

मी सहा हात दिले! नाताळच्या हॅमला पाक चोळावा तसे! वर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलं. घरभर असा वास सुटला की आमचं मांजर तीन दिवस शेजारी राहायला गेलं.

ट्रॅकवर डेल्मरने टायरवर कडकपणा मोजायचं गेज टेकवलं. काटा जागचा हलेना.

"हा टायर आहे की पुडिंग?"

"प्रेमाने लावलंय रे."

"ते दिसतंच आहे!"

पहिल्या फेरीच्या शर्यतीत टेसा दोन चकरा बाणासारखी गेली. तिसऱ्या चकरेत टायरांवर तव्यावरच्या पॅनकेकसारखे बुडबुडे आले! पोरगी शेवटून पहिली. म्हणजे अंतिम शर्यत सगळ्यांच्या मागून सुरू करायची, आणि टायरांची तर लापशी झालेली. माझं तोंड एवढंसं झालं. टेसाने मात्र माझ्याच पाठीवर थोपटलं. आणखीच लाजले मी.

तेवढ्यात धुळीने हैराण झालेल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि पाण्याचा टँकर ट्रॅकवर एकदा सोडून दोनदा फिरला. सगळे आपापल्या टायरांना आणखी औषध चोळत होते. आमची टेसा तेवढी कठड्याखालून आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि मातीत अंगठा दाबला.

"आजोबा, माती चिकट झालीय. आता मऊ टायर इतका धरेल की गाडी गुदमरेल. मला कडक हवेत."

"कडक आणू कुठून, बाळा?"

तिने माझ्या टेबलाकडे पाहिलं. टेबल कसलं? दोन वर्षांपूर्वीची चार चाकं एकावर एक रचून, वर चौकड्यांचं कापड घालून, त्यावर मी बटाट्याच्या सॅलडचं पातेलं ठेवलं होतं. उन्हाने ते टायर हाडासारखे झालेले.

"टेसा, ते फर्निचर आहे!" डेल्मर ओरडला.

"आजी, पातेलं उचल."

मी पातेल्याला हात घालते न घालते तोच डेल्मरने घाईघाईत कापड ओढलं. अंडी, बटाटे, वाटलेली पिवळी धमक मोहरी, सगळं चारही टायरांवर! मी ॲप्रनने खसाखसा पुसलं आणि चाकं गाडीला चढली. शेजारी आपल्या पोराची गाडी तयार करणारा बर्ल हॅस्किन्स हातातला औषधाचा बोळा तसाच धरून डोळे फाडून बघत होता.

आणि मग काय सांगू! हिरवा झेंडा पडला. पुढच्या गाड्या वळणावर टायर चिकटून धापा टाकत होत्या, आणि माझी बारा वर्षांची पोर लोण्यातून सुरी फिरावी तशी एकेकाच्या आतून निघत होती. ना घाई, ना धक्का. शेवटच्या वळणावर बर्लच्या पोराला मागे टाकलं तेव्हा मी अशी किंचाळले, की शेजारच्या बाईने मला पाणी आणून दिलं. पहिली! टेसा पहिली!

पण मनाई असलेलं औषध लावलं नाही ना, म्हणून पहिल्याचे टायर तपासतात. तपासनीस गेन्स साहेबांनी टायरला नाक लावलं आणि ते गंभीर झाले.

"बाई, हे काय लावलंय? असला वास मी आयुष्यात घेतला नाही."

टेसा माझा हात घट्ट धरून उभी. चार वर्षांची वाट एका नाकावर येऊन थांबली होती!

"मोहरी, साहेब. आणि अंडं. बटाटा पण असेल." मी पातेलं पुढे केलं. तळाशी दोन घास उरले होते.

त्यांनी टायर हुंगला. पातेलं हुंगलं. पुन्हा टायर. मग चमच्याने खाऊन पाहिलं.

"मनाई केलेल्या वस्तूंच्या यादीत हे नाही," ते म्हणाले, आणि करंडक टेसाच्या हातात आला.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी, टेसाच्या मोठ्या गटातल्या पहिल्या शर्यतीला, आले तर काय! ट्रॅकभर मोहरीचा वास. बर्ल हॅस्किन्स बरणी घेऊन टायर चोळत होता. "अरे, पोरीने मातीत अंगठा दाबून कडक टायर निवडले!" मी जीव तोडून सांगितलं. तो डोळा मिचकावून म्हणाला, "हो का ओपल? बरं बरं." पुढच्या गाडीपाशी तर अंडी उकडत होती! पोरीच्या डोक्याची कुणाला किंमतच नाही. मला असला राग आला!

आता खरं सांगते, त्याच शनिवारी टेसाचं लक्ष नसताना मागच्या उजव्या टायरला मीही थोडी लावली. चिमूटभरच हं!