धर्मातात्यांची गच्चीवरची क्रेन

माझा नवा मिक्सर माझ्याआधी धर्मातात्यांनी चालवला. चालवला म्हणजे काय, उघडला. मी खोकं घेऊन जिना चढतेय, तर आमचे हे घरमालक पाना घेऊन दारात उभे. "टीचर बाय, उघडल्याबिगर कलत नाय," म्हणाले, आणि पाच मिनिटांत माझा मिक्सर पेपरावर पसरला. मी काय बोलणार, भाडेकरू माणूस. पण खरं सांगते, परत जोडल्यावर तो आधीपेक्षा बरा चालायला लागला.

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात तात्यांची तीन मजली इमारत आहे. रिटायर होईपर्यंत पावणे गावाजवळच्या एका कारखान्यात ते फिटर होते. इंग्रजी शिकले ते मशीनवरच्या पाट्या वाचून, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत सगळे हुकूमच. 'कीप ड्राय.' 'स्विच ऑफ बिफोर ओपनिंग.' बायको चहा घेऊन आली की म्हणतात, 'हँडल विथ केअर.'

मी मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. संध्याकाळी सात-आठ मुलं माझ्या खोलीवर येऊन घोकायची. तात्यांनी चार दिवस ऐकलं, पाचव्या दिवशी सरळ आत आले. "नुसतं तोंड चालतंय पोरांचं. हातात कायच नाय." आणि मुलांना गच्चीवर घेऊन गेले. मला विचारलंसुद्धा नाही. मी जाम चिडले.

वर जाऊन बघते तर इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाइनची नळी, पुठ्ठा, रंगीत पाणी. एक सिरिंज दाबली की दुसरी वर येते आणि पुठ्ठ्याची क्रेन अख्खा बटाटा उचलते. मी बी.एड. झालेली बाई, आ वासून बघत राहिले. नियम एकच, हवं ते इंग्रजीत मागायचं. 'गिव्ह मी द ट्यूब.' 'पुश स्लोली.' मुलं बोलत होती हो, चक्क इंग्रजीत भांडत होती. त्याचे परिणामही झाले. चाचणीत 'माय मदर'वर एकाने लिहिलं, 'माय मदर इज हेवी ड्यूटी. डू नॉट टच व्हेन हॉट.' मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

फक्त सानिका गप्प. वही सुंदर, पण जूनपासून वर्गात तिने इंग्रजीचा एक शब्द काढला नव्हता. परीक्षेआधी ती बोलेल, असं मी तिच्या आईला सांगून बसले होते. परीक्षा आठवड्यावर आली तशी माझी झोप उडाली. तात्या म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. तिला क्रेनपाशी बसव. लक्ष हाय तिचं."

शनिवारी मोठी क्रेन केली, वीट उचलणारी. वीट वर गेली, टाळ्या पडल्या, दोन मुलं विटेखाली वाकून बघायला लागली. तेवढ्यात सानिका ओरडली, "स्टॉप! इट इज लीकिंग!"

नळीच्या जोडातून पाणी गळत होतं आणि वीट हळूहळू खाली येत होती. तात्यांनी वीट धरली, मुलांना मागे सारलं. "परत बोल," म्हणाले. ती घाबरत बोलली. "अजून एकदा." तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा तात्या टाकीला टेकून बसले होते आणि डोळे पुसत होते. मुलांना वाटलं, रंगाचं पाणी डोळ्यात गेलं.

मुलं गेल्यावर मी विचारलं.

"कंपनीत मोठा सायब आलेला, बाहेरदेशाचा," नळी गुंडाळत तात्या म्हणाले. "प्रेसच्या मशीनजवल उभा राहून मला विचारतो, ऑल ओके? मशीनच्या जोडातून तेल गलत व्हतं. मला दिसत व्हतं. पन सगल्यांसमोर इंग्लिश कसं बोलायचं, लाज वाटली. यस सर बोललो, आनि खोटा पडू नये म्हनून मागनंबी कुनाला नाय सांगितलं. दोन दिवसांनी प्रेस खाली आला. माझ्या भावाचा हात गेला. त्याला कामाला मीच लावलेला."

 मी त्यांच्या शेजारी बसले. मग ते उठले, सांडलेलं पाणी फडक्याने पुसून काढलं.

"सोमवारी त्या पोरीला सांग," म्हणाले, "दिसलं की बोलायचं. चुकलं तरी बोलायचं."