घरचा सायबर बंदोबस्त

आपल्या घराला कोणताही सायबर भामटा गंडवू शकणार नाही, असं हेडक्लार्कसाहेब अख्ख्या ऑफिसात छातीठोकपणे सांगत. आणि का नाही सांगणार? शेजारच्या काकांना कुणीतरी मुलाच्या हुबेहूब आवाजात फोन करून लुबाडलं, तेव्हापासून साहेबांनी घरात कायदाच करून टाकला होता. अनोळखी नंबरवरून घरातलंच कुणी बोललं, तरी आधी सांकेतिक शब्द विचारायचा. शब्द दर सोमवारी बदलायचा. पटला नाही तर नंबर ब्लॉक!

"भामट्याच्या तीन खुणा!" जेवताना ते बोट नाचवत सांगत. "फोन बिघडला म्हणतो, घाई करतो आणि कागदपत्रं मागतो. अगदी माझा आवाज वाटला, तरी दयामाया नको!"

बायको आणि आई निमूटपणे माना डोलवत.

त्या सोमवारी साहेबांची अधीक्षकपदासाठी मुलाखत होती. बावीस वर्षं जिच्याकडे बघत बघत चहा ढोसला, ती खुर्ची आता हाताशी आली होती! तीन वाजता मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. आणि अडीचला लक्षात आलं, की फाईल घरी टेबलावरच राहिलीय! साहेबांना दरदरून घाम फुटला. तोंडावर पाणी मारायला नळाखालच्या बादलीवर वाकले, तर खिशातला मोबाइल डुबुक! मग त्यांनी टायपिस्टबाईंचा फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"अगं, मी बोलतोय! माझा फोन बिघडलाय. टेबलावरची प्रमाणपत्रांची फाईल घेऊन ताबडतोब ऑफिसात ये. अजिबात वेळ घालवू नकोस!"

पलीकडून बायको थंडपणे म्हणाली, "सांकेतिक शब्द?"

शब्द सकाळी त्यांनीच ठरवला होता. पण मुलाखतीच्या तयारीत डोक्यातून पार धुऊन निघाला होता.

"छत्री!"

"तो मागच्या आठवड्यातला."

"टाचणी! उशी! बादली!"

"अंदाजपंचे चालणार नाही."

"अगं, प्लीज! हात जोडतो तुला!"

तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. "कोण रे मेल्या तू? माझा मुलगा जन्मात कुणाला प्लीज म्हणालेला नाही!"

फोन पुन्हा बायकोकडे गेला. "बरं, एक संधी देते. आपली मुलगी कितवीत आहे?"

"आठवीत!"

"दहावीत. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराला कोणता रंग दिला?"

"पांढरा... ना?"

"पिवळा. माझा वाढदिवस कधी असतो?"

साहेबांनी आशेने टायपिस्टबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "थंडीत असतो! म्हणजे... फार थंडी नसते तेव्हा."

"मी रोज सकाळी कसली गोळी घेते?"

"तू गोळी घेतेस?"

फोन कट! पुन्हा लावला तर लागेचना. ब्लॉक केला होता!

साहेब मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मटकन बसले. खुर्ची तर गेलीच. पण खरं सांगायचं, तर त्यांना मनापासून लाज वाटत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात चारपैकी चार उत्तरं चुकावीत! शिपायाने आतून त्यांच्या आधीच्या उमेदवाराला हाक मारली. साहेबांनी घड्याळाकडे बघणंही सोडून दिलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. समोर बायको उभी होती, काखेत फाईल!

"अगं, तू आलीस? पण माझं एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं!"

"म्हणून तर ओळखलं," पदराने घाम पुसत ती म्हणाली. "भामटा असता, तर थोडाफार अभ्यास करून आला असता!"

टायपिस्टबाई तोंडावर हात धरून आपल्या टेबलाकडे पळाल्या.

मुलाखत मात्र झकास झाली. सगळे प्रश्न ऑफिसचेच होते.