सुकूंदे, मगे वर

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला चिंदरकर काकांनी पहिल्या पायरीवर अडवून हात पसरून उभं केलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सेक्रेटरी म्हणजे साधा माणूस नव्हे. पार्किंगवरून त्याने भल्याभल्यांना रडवलंय. तो त्या दिवशी भाजीच्या पिशव्या जमिनीवर ठेवून, छडी खायला उभ्या असलेल्या पोरासारखा ओले हात पुढे करून उभा होता. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले काका तिकिटाचा जुना पंच टिकटिक वाजवत एवढंच म्हणत होते, "सुकूंदे, मगे वर."

मी थिजलेच, कारण रांगेत पुढचा नंबर माझा होता.

आमची बिल्डिंग भांडुपच्या टेकडीला टेकून उभी आहे, चार मजले, बिनलिफ्टची. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. मूळचे मालवणकडचे, आणि सगळी नोकरी बसच्या कंडक्टरची. कोरोना आला आणि आम्ही सगळे दारं लावून आत बसलो, तेव्हा हा माणूस खुर्ची घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन बसला. कोणी नेमलं नव्हतं. नोकरीतली चामड्याची बॅग गळ्यात, तिच्यात सुट्ट्या पैशांच्या जागी सॅनिटायझरची बाटली. बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस चढू दिला नाही, तसा बिल्डिंगमध्ये बिनसॅनिटायझरचा चढू द्यायचा नाही, हा त्यांचा साधा हिशोब.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी हात तपासायचे. मातीचे किंवा तेलकट असतील तर एक थेंब मिळायचा नाही. "ह्या साबणाचा काम," म्हणून ते मीटरजवळच्या नळाकडे पिटाळायचे. हात स्वच्छ दिसले तर तळव्याच्या खळग्यात चांगलं भरून ओतायचे. मग तळवे चोळा, हाताची पाठ चोळा, बोटांच्या बेचक्या, नखं. अंगठा कोणीच चोळत नाही, यावर त्यांचा विशेष राग होता. "आंगठो खंय गेलो? गावाक?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही हात धुताना मी अंगठा आधी धरते.

इथपर्यंत ठीक होतं. सुरुवातीला चोळून झालं की ते सोडायचेही. पण आषाढ संपता संपता त्यांच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. हात खडखडीत कोरडे झाल्याशिवाय पायरी चढू देईनात. हात पँटला पुसले की पुन्हा पहिल्यापासून. झटकले तरी पुन्हा पहिल्यापासून. वर घरात शिरून लगेच गॅस पेटवू नकोस, हेही बजावायचे. मी बँकेत नोकरी करते, पण तिथल्या कुठल्या मॅनेजरनेही मला असं उभं केलं नव्हतं. माझ्या हातातल्या पिशवीतलं दूध तापायच्या आधीच नासायची वेळ आली, तरी पंच आपला टिकटिक चालूच. म्हातारा मरणाला भ्यालाय, असं मी घरी येऊन म्हणायचे.

त्याच सुमाराला जयूकाकू दिसेनाशा झाल्या.

जयूकाकू म्हणजे काकांची बायको. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्याचे मोदक वर्षानुवर्षं काकूंच्या हातचे. माझ्या पारीला तडे जातात, कळ्या पडत नाहीत. काकू शेजारी बसून नुसता उकडीला हात लावायच्या आणि ती उकड सुतासारखी सरळ व्हायची. आरतीतही सगळ्यात वरचा सूर त्यांचा. त्या काकू गॅलरीतसुद्धा येईनात. दार बंद. साधं सामान घ्यायलाही काकाच दार उघडत, तेही एवढुसं. म्हाताऱ्याने बायकोला कोंडून घातलंय, असं बिल्डिंगमध्ये सर्वानुमते ठरलं. मला तर ते ऐकून धक्काच बसला, आणि पुढच्या मिनिटाला पटलंही.

गणपतीचं आमंत्रण द्यायला मी वर गेले. काका खाली ड्युटीवर होते, हे बघूनच गेले. दार वाजवलं. काकूंनी उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "बरी आसंय गो मी. ह्या वर्षी माका सोड." आवाज इतका बारीक, की मी जिना उतरता उतरता शपथ घेतली. यंदा गणपतीसमोर, सगळ्यांच्या देखत, या माणसाला जाब विचारायचा. काकू बाहेर आल्याच पाहिजेत.

त्या वर्षी आरतीला माणसं मोजकीच बोलावली होती. आम्ही दोघं, सासूबाई, सेक्रेटरी, आणि नारळ घेऊन आलेले काका. एकटेच. माझे मोदक ताटात फुटून बसले होते आणि त्याचाही राग मी मनातल्या मनात काकांवरच काढत होते. आरती झाली. नवरा तबक घेऊन वळला, कापूर भडकून जळत होता. तेवढ्यात मला स्वच्छतेचं भान आलं. टाळ, घंटा, सगळ्यांचे हात सगळीकडे लागलेले. मी बाटली उचलली आणि म्हटलं, आधी सॅनिटायझर, मग आरती घ्या. सासूबाईंच्या ओंजळीत मी भरभरून ओतलं, थोडं माझ्या तळव्यावरही. त्यांना देवाची घाई. निथळते हात तसेच त्यांनी ज्योतीकडे नेले.

पुढचं काही कळायच्या आत काकांनी तबकावर फाडकन हात मारला.

तबक भिंतीवर आपटलं. निरांजन एकीकडे, फुलं एकीकडे, कापूर फरशीवर विझला. सासूबाई मटकन खाली बसल्या. आरतीचं तबक कोणी उडवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तेही गणपतीसमोर. सेक्रेटरीच्या मास्कच्या वरचे डोळे केवढे झाले होते. मी काकांना नको ते बोलले. तुम्हाला वेड लागलंय, बायकोला कोंडता, आता देवावर हात उचलता, असं सगळं एका दमात.

सासूबाईंच्या ओल्या हातांकडे बघत काका हळूच म्हणाले, "सुकले नाय गो ते. जयूचे असेच पेटले."

मग त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. काकू संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला निघाल्या होत्या. काका नुकतेच खालून ड्युटी करून आलेले. बाहेरून आणलेल्या वातींच्या पाकिटाला हात लावलास, म्हणून त्यांनी काकूंच्या हातावर बाटली ओतली. काकूंनी तशीच काडी ओढली. "जाळ दिसणा पण नाय," काका म्हणाले. "निळसर. तिका कळाक नाय आणि माका पण. मीच ओतलेला." त्या दिवसांत हॉस्पिटलात न्यायची भीती. गल्लीतल्या डॉक्टरांनी घरी येऊन पट्ट्या केल्या. कोणाला सांगायचं नाही, असं काकूंनीच बजावलं. लोक माझ्या माणसाला नावं ठेवतील, म्हणाल्या.

माझ्या तळव्यावरही सॅनिटायझर होतं, थंडगार, आणि मी ते कुठे टाकू हे मला कळेना.

मग आम्ही सगळ्यांनी बेसिनवर साबणाने हात धुतले, अंगठ्यासकट, आणि कोरडे पुसले. बाटली गॅलरीत नेऊन ठेवली. नवऱ्याने नवा कापूर लावला. सासूबाईंनी आरती घेतली आणि मग तबक स्वतःच काकांपुढे धरलं. मी म्हटलं, काका, हे वर काकूंना घेऊन जाऊया. त्यांनी मान हलवली. काडी ओढल्याचा आवाज आला तरी जयू खोलीतून उठून जाते, म्हणाले. दिवा तर आता तेही लावत नव्हते.

त्यांनी दोन्ही तळवे ज्योतीवर धरले. आपण धरतो तसे क्षणभर नाही, चांगले धरून ठेवले. मग तळव्यावर तळवा झाकला आणि ते निघाले. मी मोदकांची वाटी घेऊन मागे. गुडघ्यांपायी प्रत्येक वळणावर थांबणारा माणूस त्या दिवशी कुठेही थांबला नाही. दार त्यांनी कोपराने वाजवलं.

काकूंनी उघडलं. हातांच्या पाठीवर गुलाबी, नवी कातडी आली होती, लहान बाळाची असते तशी. मला बघून त्या हात पदराखाली घ्यायला गेल्या. पण काकांनी आधीच आपले तळवे उघडून त्यांच्या डोळ्यांवर ठेवले होते.

"गणपतीची आरती," ते धापा टाकत म्हणाले. "थंड झाली काय गो?"

एवढे जिने चढून तळव्यात काय ऊब उरणार. पण काकूंनी ते हात आपल्या हातांनी तसेच दाबून धरले.

"नाय," त्या म्हणाल्या. "ऊन आसा अजून."