डब्यातलं शेवटचं प्रकरण

धनुबाई फराळाची ताटं गल्लीत वाटून आल्या आणि ओट्यावर उपडा पडलेला पत्र्याचा डबा पाहून त्यांच्या सुनेने, चेतनाने, कपाळावर हात मारला.

डबा नानखटाईचा होता. दिवाळी आली की प्रकाशा गावच्या बायका मैदा, साखर, तूप घेऊन शहाद्याच्या बेकरीत नंबर लावतात आणि भट्टीतून निघालेली नानखटाई आपापल्या डब्यात भरून आणतात. नंतर तो डबा वर्षभर माळ्यावर. म्हणूनच चेतनाने आपल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्यात दडवलं होतं. इतकी सुरक्षित जागा सापडल्याबद्दल तिने स्वतःचं कौतुकही केलं होतं. दिवाळी दरवर्षी येते, एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं नाही.

कादंबरीही दिवाळीचीच होती. शहरात नानखटाईची स्पर्धा भरते, रंजिता नावाची मुलगी त्यात उतरते आणि बेकरीवाल्याच्या भाग्येशशी तिचं भट्टीसमोरच जुळतं. पुण्याच्या प्रकाशकाला आधीची प्रकरणं आवडली होती आणि शेवटचं त्याला भाऊबीजेपर्यंत हवं होतं. चेतना पूर्वी शाळेत शिकवायची, तिथल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ती लिहायची. दुसरी प्रत नव्हती. आणि त्या प्रकरणात भाग्येशची आई, म्हणजे होणारी सासू, रंजिताच्या पिठात गुपचूप मीठ कालवते. घरात खरी सासू असताना असली सासू लिहायची म्हणजे डबाच लागणार.

"आत्याबाई, डबामा कागद व्हतात, ते कोठे शेतस?"

"शाळाना जुना पेपर ना? ताटमा हातरी दिधात," धनुबाई समाधानाने म्हणाल्या. "छापानी शाई नानखटाईले लागस, म्हनीसन हातनं लिखेल बाजू वर करी. तू याद करीसन ठेवात, चांगलं करं."

शेवटचं प्रकरण नानखटाईखाली अंथरलं जाऊन पान-पान करून गल्लीभर वाटलं गेलं होतं. चेतना चपला न घालताच निघाली. पण फराळाचं ताट परत मागायचं नसतं. ते आपणहून परत येतं आणि भरून येतं. हे नको त्या वेळी पाळणारी पहिली बाई शेजारीच राहत होती.

"काकू, आमनं ताट..."

"घंटाभर नही व्हयना, अन् ताट मांगी ऱ्हायनी?" रमिलाबाईंचा चेहरा उतरला. "आम्हनं काय चुकनं? रिकामं देसूत असं वाटनं का तुले?"

त्यांनी चेतनाला बसवलं, चहा पाजला आणि ताटात शेव, चकल्या, करंज्यांचा ढीग रचला. कागद मात्र ताटात नव्हता.

"तो? तो समोरनी प्रमिलाबाई लई गयी. वाचीसन रडी ऱ्हायनी ती."

प्रमिलाबाई खरंच डोळे पुसत होत्या. त्यांनी दारातच चेतनाचा दंड पकडला. "भाग्येशनी तिना हात धरा, अन् पान खपी गयं! पुढलं कोना घर शे?"

"मीच शोधी ऱ्हायनी," चेतना गडबडून म्हणाली.

"थांब, मी बी येस."

मग रमिलाबाईही निघाल्या, कारण त्यांना स्पर्धेत काय झालं ते हवं होतं. प्रत्येक घरी एक पान मिळे, एक भरलेलं ताट मिळे आणि एक बाई मिळे. अक्षर चेतनाचं आहे हे तिसऱ्याच घरी ओळखलं गेलं. दिवे लागायच्या सुमारास ही सगळी मिरवणूक धनुबाईंच्या ओट्यावर पोचली. हातात तुपाने पारदर्शक झालेली पानं, मागे चेतना, तिच्या डोक्यावर ताटांची उतरंड.

"धनुबाई, तुम्हनी सूननी पुस्तक लिखं! बसा, वाचतस."

पानं जुळवली गेली. प्रमिलाबाई खड्या आवाजात वाचू लागल्या. मिठाचं पान जवळ आलं तशी चेतना पुढे सरकली.

"काकू, ते पान ऱ्हाऊ द्या. त्याले तूप लागेल शे."

"दखास ना. मीठ... कालवं... सासूनी."

वाचन थांबलं. ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या आणि धनुबाईंकडे पाहिलं. रमिलाबाईंनी तर तोंडातली चकली चावायची थांबवली. अकरा वर्षांचा संसार आता मोडतो, असं चेतनाला वाटलं.

धनुबाईंनी पदर सावरला.

"ही सासू भोळी शे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीठ पहिलाच घासमा समजी जास. चोर लगेच पकडाई जाई. खातासोडा जास्ती टाकाले जोयजे व्हता. दिसाले झकास, रंग लाल, अन् खाले कडू. कोनले शंका येवाव नही. लिखी ले पोरी."

ओटा हसून हसून हलला. बायका आपापल्या घरी गेल्यावर चेतना त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"आत्याबाई, ती सासू तुम्ही नही. खरंच नही."

"माले माहीत शे. मन्हा हातमा ऱ्हातं तं ती पोर स्पर्धालोंग पोचतीच नही."

"मी लपाडीसन लिखं. चुकनं मन्हं."

"लपाडं?" धनुबाई हसल्या. "रोज दुपारले दार लाईसन बसस तू. मी उनमा ओटावर काय हवा खावाले बसस? येल बायासले सांगस, पोरनं डोकं दुखस, झोपू द्या. काय लिखस ते ठाऊक नव्हतं. लिखस ते ठाऊक व्हतं."

दुपारी घरात कुणी फिरकत नाही, हे आपलं नशीब, असं चेतना इतके दिवस समजत होती. ते नशीब तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर धनुबाईंनी तो झटकला. "जाय, लिख. भाऊबीज जवळ उनी. भाकरी मी टाकस."

प्रकरण वेळेत गेलं, खातासोड्यासकट. पुस्तक होळीच्या आधी छापून आलं. भाग्येश आणि रंजिताबद्दल वाचकांनी बरं लिहिलं, पण सगळ्यांना आवडली ती सासू. सासूबाईंच्या मनाला लागेल म्हणून चेतना अजूनही पाहुण्यांसमोर पुस्तक काढायची नाही. त्याची गरजच पडत नव्हती. दारात कुणीही आलं की ओट्यावरून धनुबाईंचा आवाज येई.

"बसा. ते पुस्तक वाचं का? त्यामा जी सासू शे ना, खातासोडावाली, ती मीच!"